लावण्या, तो छोटा खड्डा

लावण्या,

आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तू गेलीस म्हणून ते आपोआप मिटलं, असं मी धरणार नाही.

तुझ्या घरी लोक भेटायला येत होते तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते. कुणी म्हणालं, पोरगी फार शांत होती. कुणी म्हणालं, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी ऐकत राहिले आणि मनात म्हटलं, ही कुठली लावण्या? मला भेटलेली लावण्या चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी एक वाद काढायची आणि कप खाली ठेवेपर्यंत दुसरा. तुझ्या मावशीनं मला विचारलं, "तुम्ही दोघी मैत्रिणी ना? शेवटचं काय बोलणं झालं?"  एका खड्ड्यावरून भांडत होतो असं सांगितलं असतं, तर त्यांना तो घरासमोरच्या रस्त्यातला वाटला असता.

तुला सगळं माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही, तेव्हा थोडं सहन कर. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सरांनी आपल्या दोघींना मिळून एक प्रकल्प दिला. प्रकाशावर चालणारा सेन्सर, तोही खरा बनवायचा नाही, संगणकात बनवायचा. काचेच्या लोलकातून सोन्याच्या अगदी पातळ थरावर उजेड टाकायचा. बहुतेक कोनांना तो आरशावरून यावा तसा परत येतो. एका ठराविक कोनाला मात्र येत नाही. सोन्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन त्या उजेडाबरोबर डोलायला लागतात आणि उजेड तिथंच मुरतो. आलेख काढला की त्या कोनापाशी रेषा खाली बुडते. तो आपला खड्डा. सोन्याच्या पलीकडे पाणी असतं. पाण्यात मीठ, रंग, काहीही मिसळलं की खड्डा सरकतो, आणि किती सरकला त्यावरून पाण्यात काय झालं ते कळतं.

एवढंच. पण एवढं समजायला आपल्याला किती दिवस लागले, बाई!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कॉलेजात सांगायलाही लाजले नाही. जेऊर या आमच्या गावाहून पॅसेंजरनं सोलापूरला यायचं, डब्यात भाकरी, आणि विभागात शिरलं की सगळ्यांच्या तोंडी इंग्रजी. विभागातल्या एका खोलीत दोनच संगणकांवर ते सॉफ्टवेअर होतं. पहिल्या दिवशी मी माऊसला हात लावायच्या आधी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, तू शहरातली, तुला येत असेल. तू माझ्याकडे बघत होतीस. म्हणालीस, "माझ्याकडे काय बघते बे? आमच्या घरी माग आहेत, संगणक नाही."

तेव्हा कळलं, दोघी सारख्याच कोऱ्या. मला फार बरं वाटलं.

शिकायला इंटरनेटवरचे व्हिडिओ होते. त्यातला तो माणूस प्रत्येक वाक्यात "सिंपली" म्हणायचा. सिंपली थर काढा, सिंपली पदार्थ निवडा, सिंपली रन करा. आपण सिंपली रन केलं आणि आलेखावर आडवी सरळ रेघ आली. खड्डा नाही, खळगा नाही. सगळा उजेड परत. आपण कोन बदलले, उजेडाचा रंग बदलला, लोलक बदलला. रेघ काही वाकेना. शेवटी तू खुर्ची ओढून माझ्या पडद्यात नाक घातलंस आणि मी लिहिलेली सोन्याची जाडी वाचलीस. आकडा बरोबर होता, पुढचं एकक चुकलं होतं. नॅनोमीटरच्या जागी मायक्रोमीटर. जो थर केसाच्या हजारपट पातळ हवा, तो मी केसाएवढा जाड दिला होता. उजेडाच्या दृष्टीनं ती भिंतच.

"काय बे जेऊर," तू म्हणालीस, "लग्नातलं सोनं घातलंस काय?"

तेव्हापासून तू मला नावानं हाक मारलीच नाहीस. जेऊर हेच माझं नाव. विभागातल्या शिपायांनासुद्धा शेवटी तेच ठाऊक होतं.

एकक सुधारलं आणि खड्डा आला. किती सुरेख आला! आरशासारखी चाललेली रेषा एकाएकी खाली बुडी मारते आणि पुन्हा वर येते. मी टाळी मागितली. तू हात पुढं केलास आणि तसाच हवेत ठेवलास. "पण उजेड गेला कुठं?" म्हणालीस. मी म्हटलं शोषला गेला, पुस्तकात लिहिलंय. "शोषला म्हणजे? इलेक्ट्रॉन डोलले. मग डोलून डोलून थकल्यावर काय करतात?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, खड्डा आला ना. तू सरांच्या मागे लागलीस. सर जिना उतरत होते, तू एकेक पायरी त्यांच्या शेजारून. सोनं थोडंसं तापतं, उजेडाची ऊब होते, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तू तिथंच जिन्यात थांबलीस. वर येऊन मला म्हणालीस, "आता टाळी दे."

तुझं हे मला तेव्हा फार छळायचं. आपल्याला गुण तर आलेखाचे मिळणार होते, थकलेल्या इलेक्ट्रॉनांचे नव्हेत. आज मात्र कुठलाही आलेख बघितला की माझ्याच तोंडून आधी निघतं, गेला कुठं?

आमच्या घरी तू आलीस तो दिवस आठवतो? आई केळीच्या बागेतून आली, हात धुतले आणि सरळ तुझ्यासमोर बसली. "पोरी, ही माजी लेक तितं दिसभर काय करती ते तू तरी सांग. हिला इचारलं की म्हणती तुला कळायचं न्हाय." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी घागर घेऊन आत निघून गेले. तू तिला सगळं सांगितलंस. लोलक म्हणजे काय ते पाण्याच्या पेल्यातून ऊन दाखवून सांगितलंस. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली,

"आन् सोनं कुटं ठिवलंय?"

"संगणकात, मावशी."

"मंजी खरं न्हाय?"

"खरं नाही, पण खऱ्यासारखं वागतं."

"मंग बरं हाय की. चोरीला जायाची भीती न्हाय, घालून मिरवायची सोय न्हाय."

तू इतकी हसलीस की तुला उचकी लागली. आणि मग उजनी धरणाच्या पाण्यावरून तू मला छळलंस. बागेला दिलेलं पाणी बघून म्हणालीस, "हे बघा, इथं हे लोक केळी न्हाऊ घालतात आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी येतं. आधी हात धुऊन मग आम्हाला सोडता काय गं?" आईनं परत जाताना तुला एक अख्खा घड दिला. तू तो पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसलीस आणि सोलापूर येईपर्यंत अर्ध्या डब्याला केळी वाटलीस.

मी तुझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मला एकही शब्द कळत नव्हता. तुम्ही सगळे घरात तेलुगूत बोलत होता. खालच्या खोलीत टॉवेलच्या मागांचा खडखडाट, वर तुमचं राहणं, आणि अम्मा जिन्याच्या तोंडाशी उभी. "रा, कूर्चो," म्हणाली आणि हातानं पाटाकडे दाखवलं, तेवढ्यावरून मी बसले. मग, "तिन्नावा?" तू मागून म्हणालीस, जेवलीस का विचारते, हो म्हण. मी हो म्हटलं. तरी ताट आलंच. त्यानंतर मी कितीदा आले असेन, दर वेळी अम्माचं तेच, तिन्नावा, आणि दर वेळी माझं मराठीत हो, आणि दर वेळी ताट.

त्या पहिल्याच दिवशी तुझ्या नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, मला मागाची फणी दाखवली, उभे धागे जिच्या काड्यांमधून जातात ती. बाई, ती बघून मला आपली सगळी अडचण उलगडली! संगणकाला सगळी जागा एकदम कळत नाही, तो तिचे बारीक बारीक चौकोन पाडतो आणि एकेका चौकोनात उजेडाचं काय झालं ते काढतो. त्या चौकोनांच्या जाळीवर सगळं अवलंबून. आणि तू जाळी पाडायचीस ती सगळीकडे एकसारखी, काचेतही तेवढीच बारीक, पाण्यातही तेवढीच बारीक. मशीन तासन्तास घुमत राहायचं आणि मग बंद पडायचं. मी विचारलं तर म्हणायचीस, असंच असतं. फणी बघितली तेव्हा कळलं तुझं असंच कुठून आलं. त्या फणीच्या काड्यांमधलं अंतर इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सारखं. कुठं एक काडी जरी वाकडी झाली तरी टॉवेलवर रेघ उठणार. तुला लहानपणापासून घरात हेच दिसलेलं, की विरळ आणि दाट एकत्र आलं म्हणजे दोष.

मी तुला आमच्या बागेचं सांगितलं. ठिबकची नळी सगळ्या रानातून जाते, पण पाणी बुंध्याशीच पडतं. मधल्या मोकळ्या जागेला पाणी कोण देतं? सोन्यापाशी जाळी बारीक ठेवू, काचेत मोठी. तू खूप वेळ मानलं नाहीस. "हे बघूनच कसंतरी होतंय," म्हणालीस. पण मशीन चालायला लागलं. उत्तर चहा प्यायच्या आत यायला लागलं. माझ्या हातून झालेलं ते एक चांगलं काम, आणि तू ते सगळ्या विभागात सांगितलंस. "जेऊरनं ठिबक बसवलंय."

आता भांडणाकडे येते.

तुला डाईंगचं पाणी मोजायचं होतं. तुमच्या भागात रंगाचे कारखाने, कापडाला रंग धरावा म्हणून त्यात पोत्यानं मीठ पडतं, आणि विहिरींची चव बदललेली. तू म्हणालीस, असलं पाणी उघड्या सोन्यावर सोडलं तर सोन्यावर रंग चढून बसेल, दोन दिवसांत सेन्सर आंधळा. म्हणून तू सोन्यावर एक पारदर्शक लेप दिलास. चांगला जाडजूड दिलास. सरांनी सांगितलं म्हणून लोलकाची काच जड, म्हणजे उजेड जास्त वाकवणारी घेतली, आणि रन केलं.

खड्डा आला. आणि त्याच्या डाव्या बाजूला आणखी एक आला. अरुंद, सुईनं टोचावा तसा.

मी म्हटलं, हा खोटा. तू म्हणालीस, खरा. मी म्हटलं, एका उजेडाला एक खड्डा, पुस्तकात कुठंही दोन दाखवलेले नाहीत. जिथं आपली बारीक जाळी संपून मोठी सुरू होते तिथं संगणक अडखळला असणार, त्याचा हा ओरखडा. तू म्हणालीस, जाळी तुझी, आणि तूच तिच्यावर विश्वास ठेवत नाहीस? मी म्हटलं, माझी आहे म्हणूनच मला तिची खोड माहीत आहे. तू लगेच त्या दोघांची बारशी केलीस, मोठा तो पेद्ददि, छोटा तो चिन्नदि. नाव दिलेली वस्तू पुसायची कशी, हा तुझा डाव होता. मी ओळखला होता.

मी म्हणत होते, लेप काढून टाकू. लेप गेला की चिन्नदि गेला, आलेख पुस्तकातल्यासारखा स्वच्छ, प्रकल्प सादर, गुण मिळाले. तू म्हणत होतीस, आधी तो कोण आहे ते विचारू, मग घालवू.

कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या गाडीवर, सोलापूरचं ते डोकं भाजणारं ऊन, आणि तू हातातला कप हलवत मला तपासणी समजावत होतीस. टॉवेलवर उभी रेघ दिसली की नान्ना काय करतात? फणी बदलतात. रेघ गेली तर दोष फणीचा. रेघ तिथंच राहिली तर सूतच तसं आहे. "पण फणी बदलायची म्हणजे सगळे धागे पुन्हा भरायचे, पूर्ण दिवस जातो. म्हणून लोक बदलत नाहीत, रेघेकडे काणाडोळा करतात आणि माल देऊन टाकतात." तू कप ठेवलास. "आपणही फणी बदलू. सगळीकडे बारीक जाळी, माझ्यासारखी. मशीनला घेऊ दे किती वेळ घ्यायचा तो. चिन्नदि खोटा असला तर जाळी बदलल्यावर हलेल. खरा असला तर पाणी बदलल्यावर हलेल."

मी म्हटलं, पैज?

तू म्हणालीस, पैज. आणि पैसे नकोत, जेवण नको. जी हरेल तिनं दुसरीच्या आईपुढं जायचं आणि दुसरीच्या घरच्या बोलीत सांगायचं, मी हरले.

आणि लगेच तू तिथंच मला माझं वाक्य शिकवायला लागलीस. "पाठ करून ठेव, लागेल. नेनु ओडिपोयिना." मी म्हटलं, तू तुझं पाठ कर आधी. तर तू चहावाल्यासमोर हात जोडून उभी. "मावशे, म्या हारले की वो, लई वंगाळ झालं." अगदी माझ्या आईच्या हेलात. चहावाला हसता हसता दूध उतू घालवून बसला.

हे मला तुला विचारायचं राहिलं. तुझा तो हेल इतका बरोबर होता की तू घरी सराव केला असणार. मग तुला हरायची भीती होती का? का तुला माझ्या आईशी तसं बोलायची हौस होती, हरो किंवा जिंको? मी दोन्हीकडून विचार करून बघते. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

मशीनवर आपली पाळी पुढच्या आठवड्यात होती. त्याच आठवड्यात तुला ताप आला. दवाखान्यातून तू फोन केलास, आवाज बसलेला. "लावलंस का?" मी म्हटलं, तू आल्याशिवाय लावणार नाही, मला तुझं हरलेलं तोंड समोर बघायचंय. "बघ हां," म्हणालीस, "फणी बदलायची. लबाडी नाही." तेच आपलं शेवटचं. तुझ्या मावशीला मी हे सांगू शकले नाही. आता सांगितलं.

त्यानंतर मी काही दिवस विभागात गेले नाही. गेले तेव्हा सरांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "लेप काढून साधा सेन्सर सादर कर. तेवढं पुरेसं आहे. कुणी काही विचारणार नाही." ते माझ्या भल्याचंच सांगत होते. लेपासकटची फाईल उघडली तर दोन्ही खड्डे तसेच होते, मोठा गुबगुबीत आणि त्याच्या शेजारी तो सुईचा टोचा. लेपाच्या थरावर क्लिक करून एक बटण दाबायचं होतं. कुणी काही विचारणार नाही हे सरांचं बरोबर होतं. विचारणारी एकच होती.

मी जाळी बदलली. सगळीकडे बारीक, तुझ्यासारखी. मला बघूनच कसंतरी झालं. सकाळी लावलं आणि शेजारी बसले.

खरं सांगते लावण्या, तेव्हाही मला जिंकायचंच होतं. तू गेलीस म्हणून मी तुला जिंकू देईन, असली मी नाही. तुलाही ते आवडलं नसतं. शिवाय अम्मासमोर जाऊन ते वाक्य म्हणायचं मला नको होतं. मी अक्षरशः पडद्याला म्हणत होते, हल, थोडा तरी हल.

दुपार उतरायला लागली तेव्हा रेषा पूर्ण झाली. चिन्नदि तिथंच होता. एक कणभर इकडे नाही, एक कणभर तिकडे नाही. माझ्या ठिबकच्या जाळीनं जिथं दाखवला होता तिथंच. म्हणजे माझी जाळी बरोबर होती, लावण्या. तू तिच्यावर ठेवलेला विश्वास बरोबर होता, आणि मी ठेवला नव्हता.

मग पाणी बदललं. साध्या पाण्याच्या जागी मिठाच्या पाण्याचा अपवर्तनांक घातला आणि पुन्हा लावलं. मला वाटलं होतं पेद्ददि सरकेल, तोच तर आपला सेन्सर. तो जवळजवळ जागचा हलला नाही. गुबगुबीत बसून राहिला, त्याला पाण्याचं काही सोयरसुतकच नाही. सरकला तो चिन्नदि. स्पष्ट, डोळ्यांनी दिसेल एवढा. मी पाणी आणखी खारट केलं. तो आणखी सरकला.

मी उठून सरांना बोलवून आणलं. सर खूप वेळ उभे राहून बघत होते. मग खुर्चीवर बसले आणि कागदावर रेघा मारत सांगायला लागले. लेप एवढा जाड झाला की सोन्यालगतची ती हालचाल लेपाच्या आतच दबली, पाण्यापर्यंत पोचेचना. म्हणून मोठा खड्डा बहिरा. पण त्याच जाड लेपात उजेडाला वाट मिळाली. एका बाजूला सोनं, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि उजेड मधल्या लेपातून धावतो, धावताना पाण्याला चाटत जातो. तो छोटा खड्डा त्या धावणाऱ्या उजेडाचा. पाण्याचं बोलणं ऐकतो तो तोच.

"हे नवीन नाही," सर म्हणाले. "जगात लोकांनी हे मुद्दाम करून वापरलंय. पण तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

नवीन नाही हे ऐकून मी क्षणभर खट्टू झाले. मग मला तू दिसलीस, जिन्यात सरांना अडवून उभी. आधीच माहीत होतं तर आम्हाला आधी का नाही सांगितलं सर?

लेप राहिला. प्रकल्पावर दोघींची नावं राहिली. सरांनी तुझं नाव आधी लिहायला सांगितलं नाही, ते वर्णानुक्रमानं येतं तसं आलं. माझंच आधी आलं. तू यावरूनही भांडली असतीस.

राहिली पैज.

मी तुझ्या घरी आले तेव्हा माग चालू होते. जिन्यावर अम्मा नव्हती, ती खालीच होती, नान्नांच्या शेजारी बॉबिन भरत. मला बघून तिनं हात थांबवला. मी वाटभर, शहर बसमध्ये, ते वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणत आले होते, तू शिकवलं होतंस तसं, तुझ्याच चढउतारात. तिच्यासमोर उभी राहिले आणि ते नेमकं खडखडाटात बुडालं. नान्नांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माग बंद केले.

"नेनु ओडिपोयिना, अम्मा," मी म्हटलं. "लावण्या गेलिचिंदि." मी हरले, अम्मा. लावण्या जिंकली.

 अम्मा म्हणाली, "मळ्ळी चेप्पु." हे मला कळलं, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं न विचारताच मी सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि ती माझा आवाज ऐकत नव्हती, एवढं मला कळत होतं.

डोळे उघडून तिनं विचारलं, "एम् गेलिचिंदि?" काय जिंकली?

माझं तेलुगू तिथं संपलं. मी मोबाईलवर आलेख काढून तिच्यासमोर धरला. तिनं बॉबिनचं सूत बोटाला तसंच गुंडाळलेलं ठेवून काचेवर बोट टेकवलं, ते मोठ्या खड्ड्यावर. कुणीही तिथंच ठेवलं असतं.

"इदि कादु, अम्मा," मी म्हटलं. हा नाही. तिचं बोट धरून डावीकडे नेलं. "चिन्नदि."

तिनं खूप जवळून बघितलं. नान्नाही वाकून बघायला लागले. त्यांनी मराठीत विचारलं, "हे खरं आहे? संगणकाची चूक नाही ना?"

"फणी बदलून बघितलं, नान्ना."

त्यांनी मान हलवली. तेवढं त्यांना पुरलं. ते मागे गेले आणि धागा बघत उभे राहिले, पण माग लगेच सुरू केले नाहीत.

अम्मानं मोबाईल माझ्या हातात परत दिला, मला वर नेलं आणि पाटाकडे बोट दाखवलं. "कूर्चो. तिन्नावा?"

मी जेवून आले होते. तरी म्हटलं, "लेदु." नाही.

जेवताना मी एका गोष्टीचा विचार करत होते, ती तुला सांगून थांबते. लेप जाड केल्यावर उजेडाला एक वाट मिळाली. लेप आणखी जाड केला तर दुसरी वाट मिळेल का, आणि चिन्नदिच्या डावीकडे तिसरा खड्डा येईल का? सरांना मी अजून विचारलेलं नाही. मुद्दामच विचारलेलं नाही. उद्या सकाळी मशीन लावणार आहे, बारीक जाळीवर, लबाडी नाही. माझं म्हणणं, येईल. तुझी बाजू मी रिकामी ठेवली आहे.